गंगावन आणि न्यूयॉर्कचा फड

पुरुषाने लुगडे नेसावे आणि हजार माणसांनी ते डोळे भरून पाहावे, याचे महाराष्ट्राला नवल वाटण्याचे काही कारण नाही. १८४३ साली सांगलीला विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, तेव्हा त्यातली सीता पुरुषच होती. पुढे किर्लोस्कर मंडळी निघाली, भाऊराव कोल्हटकरांच्या गळ्यावर लोक लुब्ध झाले, आणि १९०५ साली नारायण श्रीपाद राजहंस नावाचा सतरा वर्षांचा मुलगा त्याच मंडळीत शकुंतला होऊन उभा राहिला. बालगंधर्वांचे पुढचे वैभव मी नव्याने काय सांगावे? ते पातळ कसे नेसतात, अंबाड्यावर गजरा कसा माळतात, नथ कशी घालतात, हे पाहायला घरंदाज बायका नाटकाला जात आणि घरी आल्यावर आरशापुढे तसेच करून पाहत. बाईने बाईसारखे कसे दिसावे, हे आपल्या आज्या-पणज्या एका पुरुषाकडून शिकल्या. आणि त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही.

सिनेमाचेही तेच. १९१३ साली दादासाहेब फाळके ‘राजा हरिश्चंद्र’ काढायला निघाले, तर त्यांना तारामती मिळेना. शेवटी एका खाणावळीत काम करणारे अण्णा साळुंके यांना त्यांनी तारामती केले. चार वर्षांनी ‘लंकादहन’ निघाला, त्यात रामही साळुंकेच आणि सीताही साळुंकेच! म्हणजे आपल्या पडद्यावरच्या पहिल्या नायिकेला दाढी करून कामावर यावे लागे.

हे सारे आपण कौतुकाने सांगतो. सांगावेच. पण पडदा पडला, रंग पुसला, गंगावन खुंटीला लागले, की त्या पुरुषाचे पुढे काय झाले याची चौकशी करण्याचा आपला रिवाज नाही. फार झाले तर थोरामोठ्यांची चरित्रे लिहितो. बाकीचे शेकडो जण आपापल्या गावी परत गेले आणि आपण त्यांना विसरलो. ही चौकशी अगदी वेगळ्या मुलखात, वेगळ्या माणसांच्या बाबतीत, एका अनुबोधपटाने केलेली आहे. तो मी दोनदा पाहिला. एकदा एकट्याने आणि एकदा पेणला, मामांच्या माजघरात, त्यांच्याशेजारी बसून.

‘पॅरिस इज बर्निंग’, म्हणजे ‘पॅरिस जळते आहे’, असे त्याचे नाव. नावावरून महायुद्धाचा चित्रपट वाटेल. पण त्यात ना पॅरिस आहे ना आग. पॅरिस द्युप्री नावाचे एक कलावंत न्यूयॉर्कमध्ये जो जलसा भरवीत, त्या जलशाचे ते नाव. १९८५ च्या सुमारास जेनी लिव्हिंगस्टन यांना न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन स्क्वेअर बागेत काही तरुण मुले चमत्कारिक नाच करताना दिसली. हातपाय भराभर मुडपायचे आणि मासिकातल्या छायाचित्रांतल्या बायकांसारखे एकाएकी थिजून उभे राहायचे. चौकशी करता कळले, की ‘व्होग’ या फॅशनच्या मासिकावरून त्या नाचाला ‘व्होगिंग’ म्हणतात, आणि तो खरा पाहायचा तर हार्लेमला ‘बॉल’ला जायला हवे. तेथून पुढे काही वर्षे लिव्हिंगस्टन यांचा कॅमेरा हार्लेमच्या त्या सभागृहांतून फिरत राहिला. १९९० मध्ये चित्रपट पुरा झाला, १९९१ साली सनडान्स महोत्सवात त्याला अनुबोधपटाचे मोठे पारितोषिक मिळाले, आणि २०१६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-संग्रहात त्याची नोंद झाली. लांबी म्हणाल तर सव्वा तासाच्या आतबाहेर. आपल्याकडे तेवढ्यात मध्यंतरसुद्धा होत नाही.

हार्लेम म्हणजे न्यूयॉर्कची काळ्या लोकांची वस्ती. तेथे, आणि शहरातल्या पोर्तो रिकोकडच्या लोकांत, काही पुरुष बायकांचा पोशाख करतात. त्या प्रकाराला ‘ड्रॅग’ म्हणतात. काहींना तो केवळ रंगमंचापुरता हवा असतो. काहींना आपण मुळातच स्त्री आहोत असे वाटते आणि त्या तशाच राहतात. हे दोन प्रकार एक नव्हेत. आपण मात्र सगळ्यांना एकाच टोपलीत टाकून मोकळे होतो. अशा माणसांनी रात्री उशिरा एखादे सभागृह भाड्याने घ्यायचे, मध्ये वाट मोकळी ठेवायची, एका बाजूला परीक्षकांचे टेबल मांडायचे आणि पहाटेपर्यंत स्पर्धा चालवायची, हाच बॉल. आपल्या भाषेत फडच म्हणा ना. पुकारा करणारा शाहिरासारखा तोंडाळ असतो, प्रेक्षक आरडाओरडा करतात, परीक्षक आकड्यांची पाटी वर करतात आणि जिंकणाऱ्याला माणसाच्या छातीएवढी ढाल-करंडक मिळतो.

चढाओढीचे वर्ग पाहून मी चक्रावलोच. नटव्या पोशाखाचे वर्ग समजू शकतो. पण एक वर्ग शाळकरी मुलाचा, दुसरा फौजी शिपायाचा, तिसरा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असणाऱ्या साहेबाचा! हातात बॅग, अंगात सूट, चालण्यात रुबाब. एवढे करून दाखवायचे आणि परीक्षकांनी म्हणायचे, शाबास, हुबेहूब. त्यात काय विशेष, असे वाटेल. विशेष हे, की हा साहेब होणारा मुलगा काळा आहे, गरीब आहे, बायकी आहे म्हणून घरातून घालवून दिलेला आहे. त्याला त्या कंपनीच्या दारातही कोणी उभे करणार नाही. सूट त्याला शोभतो, खुर्ची मात्र मिळत नाही. या कसोटीला त्यांचा जो शब्द आहे त्याचा अर्थ ‘खरेपणा’ असा होतो. पण आपल्या जुन्या नाट्यपरीक्षणांत एक याहून नेमका शब्द सापडतो, ‘बेमालूम’. भर दिवसा रस्त्यावरून जावे, आगगाडीत बसावे आणि कोणाला काही कळू नये. रक्त न सांडता, कपडे न फाटता घरी परत यावे. त्यांच्यात सर्वांत मोठी विद्या ती हीच.

त्यांची ‘हाऊस’ असतात. त्याला घर म्हणण्यापेक्षा घराणे म्हणावे. ग्वाल्हेर, किराणा, जयपूर, तसे येथे लाबेजा, निंजा, एक्स्ट्राव्हागान्झा. १९६७ साली न्यूयॉर्कमध्ये अशाच पोशाखाची एक मोठी स्पर्धा झाली. तीत काळ्यांना न्याय मिळत नाही असा आरोप करून क्रिस्टल लाबेजा ही स्पर्धक तडक उठून गेली. १९६८ च्या ‘द क्वीन’ या अनुबोधपटात तो सगळा तमाशा पाहायला मिळतो. पुढे १९७२ च्या सुमारास तिने आपले घराणे काढले, आणि मग एकामागून एक घराणी निघाली. प्रत्येक घराण्याला एक ‘आई’. ती शिष्यांना नाव देते, रात्री कोण कोठे आहे याची काळजी करते, आजारपणात जवळ बसते. चित्रपटाच्या सुरुवातीलाच तेरा-पंधरा वर्षांची दोन पोरे रस्त्यावर उभी दिसतात. रात्र झालेली आहे. त्यांतल्या एकाला आईबाप नाहीत. दुसरा त्याच्या खांद्यावर हात टाकून उभा आहे. संबंध चित्रपटात मला सर्वांत अस्वस्थ करणारे चित्र तेच वाटले; बाकीचा सगळा झगमगाट त्याच्यानंतर येतो.

हे पाहिल्यावर मला आपल्याकडच्या गुरू-चेल्यांची आठवण झाली. हिजड्यांच्या जमातीत गुरू असतो, चेले असतात, गुरुभगिनी असतात, आणि गुरू वारला की चेले सुतक पाळतात. हार्लेमच्या माणसांनी आपल्याकडचे हे कधी पाहिले नसेल, आपल्याकडच्यांनी हार्लेमचे पाहिले नव्हते. घराबाहेर काढलेली माणसे जगाच्या पाठीवर कोठेही गेली, तरी पहिल्यांदा एक घर आणि एक आई तयार करतात, असे दिसते.

आता मामांविषयी.

माझे आजोळ पेणचे आणि आमचे घर रोह्याचे. मामांचे सबंध आयुष्य गणपतीच्या कारखान्यात गेले. पेणचा कारागीर म्हटला म्हणजे शाडू मळणारा, साच्यातून मूर्ती काढणारा, रंग देणारा, असे अनेक प्रकार आहेत. पण सर्वांत मान असतो तो डोळ्यांची आखणी करणाऱ्याला. बारीक कुंचल्याने एका दमात भुवई ओढायची, मग पापणी, मग बुबुळ. हात कापला तर मूर्ती गेली. मामा आखणी करीत. आज ते शहाऐंशी वर्षांचे आहेत आणि हात थोडा कापतो, म्हणून कारखान्यात जात नाहीत. गेले तरी नुसते बसतात आणि पोरांच्या भुवया पाहून तोंड वाकडे करतात.

गणपती विसर्जन झाले की कारखान्याला थोडी उसंत मिळे. दिवाळी झाली की गावोगावच्या जत्रा सुरू होत, आणि कारखान्यातली हौशी मंडळी नाटक घेऊन निघत. ही गोष्ट १९५७-५८ ची. रायगड जिल्ह्याला तेव्हा कुलाबा जिल्हा म्हणत. मुंबई-पुण्याच्या रंगभूमीवर बायका येऊन बराच काळ लोटला होता. नाट्यमन्वंतर संस्थेने १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ केले, त्यात ज्योत्स्ना भोळे होत्या. पण खेड्यातल्या हौशी नाटकात कोणाच्या घरची मुलगी कामाला येणार? मामा अठरा-एकोणीस वर्षांचे, गोरे, शेलाटे; आणि स्वतःचा डोळा आखायला वेगळा रंगारी नको! गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तली सिंधू त्यांच्या वाट्याला आली. पेण, वडखळ, नागोठणे, रोहे, या टापूत ती सिंधू तीन-चार हंगाम गाजली. ड्रेपरीवाला अलिबागहून येई. मुर्दाडशिंगाचा लेप, वर सफेदा, काजळ, गंगावन, नऊवारी लुगडे; आणि बत्तीच्या उजेडात वन्समोअर.

हे मी मामांच्या तोंडून कधी ऐकले नाही. मला हे आईने सांगितले, तेही दबक्या आवाजात. घरात तो विषय निघत नसे. मला लहानपणी एवढेच ठाऊक, की पेणच्या बाजारात मामा चालले म्हणजे टपरीवरून कोणीतरी ‘काय सिंधूताई!’ म्हणून हाक मारी, आणि मामा न ऐकल्यासारखे करून पुढे जात. मुलगी पाहायला रोह्याकडे गेले, तर मुलीच्या चुलत्याने त्यांना जत्रेत लुगड्यात पाहिलेले, सोयरीक मोडली. अशा तीन मोडल्या. ज्या पंचक्रोशीने वन्समोअर दिला, त्याच पंचक्रोशीने मुलगी दिली नाही. मामांचे लग्न चौतिसाव्या वर्षी झाले.

हे पेणलाच घडले असे नाही. गणपत पाटील यांनी मराठी तमाशापटांतून नाच्या असा रंगवला, की आजही ती लकब कोणी करून दाखवली तर लोक ओळखतात. घरी बायकामुलांचा चांगला संसार असलेला हा गृहस्थ. पण पडद्यावरच्या नाच्याने बाहेरही त्यांचा पिच्छा सोडला नाही. ते २००८ साली वारले. दोन वर्षांनी ‘नटरंग’ आला. आनंद यादवांच्या कादंबरीवरचा तो चित्रपट आपण गर्दी करून पाहिला, डोळे पुसले, आणि बाहेर पडताना त्याच नाच्याची नक्कल करीत बाहेर पडलो. थिएटरच्या पायऱ्यांवर मी ती ऐकली आहे.

तर हा अनुबोधपट माझ्या मुलीने मुंबईहून आणला. तिने मला पाहायला लावला, आणि ‘बाबा, हा मामाआजोबांना दाखवा’ म्हणून मागे लागली. मी टाळत होतो. शहाऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्या माणसाला हे काय दाखवायचे, भाषा कळणार नाही, आणि आत जे बोलणे आहे ते काही हरिकीर्तन नव्हे. पण गेलो. मामांच्या माजघरात दूरचित्रवाणीचा मोठा पडदा आहे, त्याला जोडून दिला, आणि मी शेजारी बसून जमेल तसे मराठीत सांगू लागलो.

पहिली दहा मिनिटे मामा नुसते बघत होते. मग डोरियन कोरी आली. ही त्या मंडळींतली वडीलधारी. आरशासमोर बसून सावकाश तोंड रंगवते आणि रंगवता रंगवता आपल्या आयुष्याविषयी बोलते. मामा पुढे सरकून बसले. मी तिचे बोलणे सांगू लागलो, तर हाताने मला गप्प केले. ‘बोलणं राहू दे. हात बघू दे तिचा,’ म्हणाले.

मग लाबेजा घराण्याची आई पेपर आली. तिने आपल्या खऱ्या आईची हकीगत सांगितली. पोराचा बायकी पेहराव आईला खपेना. एक दिवस भारी फरचा कोट सापडला, तो तिने जाळून टाकला. मी हे सांगितले. मामा पडद्याकडेच बघत म्हणाले, ‘आमचं गंगावन बंबात गेलं. बाबांनी घातलं. दोन दिवस घरात केसांचा वास येत होता. तुझी आई लहान होती, तिला विचार. आता कोणाला विचारणार म्हणा.’

माझे आजोबा अत्यंत सज्जन मनुष्य. पोराची सोयरीक जमेना म्हणून त्यांनी ते केले असणार. तो कोट जळताना आपण रडलो, असे पेपर सांगते.

पुढे त्या शिपाई-साहेबांच्या चढाओढी सुरू झाल्या. मला वाटले, आता मामांना कंटाळा येईल. तो बेमालूमपणाचा प्रकार मला स्वतःला समजायला चित्रपट अर्धा पाहावा लागला होता. मी समजावून सांगू लागलो, की बघा मामा, यात नटायचे नाही, उलट कोणाला कळू नये इतके साधे दिसायचे. तर मामा म्हणाले, ‘कळलं. मला ते कळलं. थांबव जरा.’

मी थांबवले. आणि मग त्यांनी मला जे सांगितले ते येथे लिहिण्याची मी त्यांची परवानगी घेतलेली आहे. नाव घालू नकोस एवढेच म्हणाले.

कुंडलिकेच्या काठी, रोह्याजवळच्या एका गावी प्रयोग होता. प्रयोग संपायला पहाट झाली. मंडळींची उतरायची जागा गावाच्या दुसऱ्या टोकाला. बाकीचे चहाला बसले. मामा थकले होते, ते तसेच लुगड्यात एकटे निघाले. तोंडावरचा रंग वाटेतल्या एका पन्हाळीखाली धुऊन टाकला. गंगावन मात्र तसेच. वाटेत विहीर. एक बाई पाणी भरत होती. घागर भरलेली, कंबरेवर घ्यायला हात हवा. तिने अंधारात यांच्याकडे पाहिले आणि म्हणाली, ‘अगो, जरा हात दे.’ मामांनी पदर खोचला, घागर उचलून तिच्या कंबरेवर दिली. ‘कोणाकडची गो तू?’ असे तिने विचारले. मामांनी मानेनेच पलीकडे दाखवले. ती गेली.

‘एवढंच?’ मी विचारले.

‘एवढंच. लोक शिट्ट्या मारायचे, बक्षिसं लावायचे, रोह्याला कोणी चांदीचं पदक दिलं होतं. ते कुठं गेलं मला माहीत नाही. पण ती घागर... मी ते कोणाला सांगितलं नाही. तुझ्या मामीलासुद्धा नाही. मी काय सांगणार होतो?’ थोड्या वेळाने म्हणाले, ‘आणि भीतीसुद्धा अशी वाटली रे! तिने माझा हात बघितला असता तर? बोंब मारली असती. गावाने दगडांनी मारलं असतं मला. ज्यांनी रात्रभर टाळ्या दिल्या, त्यांनीच.’

मी मामांना विचारले नाही, की तुम्हांला ते सोंग आवडत होते की तसेच राहावेसे वाटत होते. हा प्रश्न माझ्या जिभेवर आला होता. पण पन्नास वर्षे संसार केलेल्या माणसाला भाच्याने विचारायचा तो प्रश्न नव्हे. आणि उत्तर आले असते तर ते ऐकण्याचे बळ माझ्यात होते की नाही कोण जाणे. त्यांनी हात केला, मी चित्रपट पुढे लावला.

पुढे व्हीनस येते. एक्स्ट्राव्हागान्झा घराण्यातली, सडपातळ, सोनेरी केसांची, विशीतली पोर. तिला काय हवे? नवरा हवा, घर हवे, लग्नात पांढरा पोशाख हवा. अहो, पेणच्या किंवा पार्ल्याच्या कोणत्याही मुलीला जे हवे असते तेच! आपण अशा माणसांविषयी नाना भयंकर कल्पना करून घेतो, आणि ही पोर नवरा आणि घर मागत बसलेली असते. पोटासाठी ती जो मार्ग धरते तो धोक्याचा आहे आणि ती तसे मोकळेपणाने सांगते. चित्रपट पुरा होण्याआधीच, डिसेंबर १९८८ मध्ये, न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात तिचे प्रेत सापडले. गळा आवळलेला होता. वय तेवीस. ही बातमी पडद्यावर सांगते तिची घराण्यातली आई, अँजी. पोलिसांना ओळख पटवून दिली ती तिनेच. जन्मदात्यांनी नव्हे, घराण्याच्या आईने ओळखले. मामांनी येथे चष्मा काढून ठेवला. शेवटची पंधरा मिनिटे ते नुसते ऐकत होते, मी सांगत होतो.

चित्रपट संपल्यावर त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न मला कधीच सुचला नसता. म्हणाले, ‘त्यांना बिदागी काय मिळाली?’

जुना नाटकवाला तो! मी घरी येऊन शोध घेतला. चित्रपटाने अमेरिकेत सुमारे चाळीस लाख डॉलरचा धंदा केला. गाजल्यावर त्यातल्या मंडळींत असंतोष झाला, काहींनी वकील गाठले. पण सुरुवातीला सगळ्यांनी संमतीच्या कागदांवर सह्या केलेल्या, त्यामुळे कोर्टात काही निष्पन्न झाले नाही. शेवटी सुमारे ५५,००० डॉलर तेरा जणांत वाटून देण्यात आले. अनुबोधपटात काम करणाऱ्यांना पैसे देण्याची प्रथा नाही, आणि निर्मात्यांनी काही वर्षे हलाखीत काढली, हेही खरे आहे. बेल हुक्स या काळ्या लेखिकेने त्या वेळी टीका केली होती, की एका गोऱ्या व्यक्तीने ही दुनिया गोऱ्या प्रेक्षकांपुढे करमणूक म्हणून मांडली. मला ती टीका थोडी कठोर वाटते; कारण कॅमेरा गेलाच नसता तर अँजी आणि डोरियन कोण, हे आज कोणाला ठाऊक असते? पण मडोना या गायिकेचे ‘व्होग’ गाणे १९९० साली जगभर वाजले, त्या नाचावर पैसा कोणी केला आणि नाच कोणाचा, हे पाहिले म्हणजे मामांचा प्रश्न काही चुकीचा नव्हता. रोह्याच्या जत्रेतसुद्धा गल्ला नाटकाच्या कंत्राटदाराचा आणि सिंधूला राहणे-जेवण.

येथे एक गोष्ट नोंदवून ठेवायला हवी, कारण आपल्याकडे ‘हे सगळे परदेशातून आलेले खूळ’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. १८८० साली पुण्याला किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ झाले आणि पुरुषांनी केलेल्या नायिकांवर लोक फिदा होऊ लागले. त्याच्या अवघी नऊ वर्षे आधी, १८७१ मध्ये, इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्याच्या दुसऱ्या भागात असे होते, की यादीत नाव असलेला हिजडा बायकांच्या पोशाखात रस्त्यावर दिसला किंवा लोकांपुढे नाचला, तर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद. तो कायदा उत्तरेकडच्या प्रांतांत लागू झाला, आपल्या मुंबई इलाख्यात नाही. पण वारा सगळीकडेच पोहोचतो. तेव्हा पोशाख आपला होता, परदेशातून आले ते भय. तो वारा ओसरायला किती वर्षे लागली? १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी नागरिकांना त्यांची ओळख कायद्याने दिली. त्या खटल्यात आपल्या ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी होत्या. ६ सप्टेंबर २०१८ रोजी ३७७ कलमाचा काच सुटला. मामा तेव्हा ऐंशीच्या घरात होते.

आणि आईपण म्हणाल तर ते हार्लेमपुरते नाही. पुण्याच्या एका पोलीस अधिकाऱ्याच्या घरात जन्मलेल्या गौरी सावंत यांनी घर सोडले, मुंबईत संस्था उभी केली आणि एका पोरक्या मुलीला आपली मुलगी म्हणून वाढवले. त्यांच्यावरची मालिका २०२३ साली घरोघर पाहिली गेली. आमच्याही घरी पाहिली. शेजारच्या बाईंनी डोळ्यांना पदर लावला, आणि दुसऱ्या दिवशी दाराशी टाळी वाजली तेव्हा त्याच बाईंनी कडी लावून घेतली. मी त्यांना नावे ठेवीत नाही. आमच्या घराची कडीसुद्धा तशीच आहे.

पंधरा दिवसांनी पुन्हा पेणला गेलो. मामांना पैशांचा हिशेब सांगितला. त्यांनी मान हलवली. त्यांना दुसरेच काही विचारायचे होते. ‘त्यातले आता कोण कोण आहेत?’

मी टिपून नेले होते. अँजी १९९३ साली गेली, वय अठ्ठावीस. तिला एड्स झाला होता. त्या रोगाने ती मंडळी अक्षरशः झोडपून काढली. पेपर २००३ साली. नाचणारा विली निंजा २००६ साली. मॉडेल व्हायचे म्हणून धडपडणारी ऑक्टेव्हिया २००९ साली.

‘आणि ती डोळे काढणारी?’

‘डोरियन. तीही १९९३ साली गेली.’

मामा काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘वरची रेघ ती बाहेरून आत आणत होती. आम्ही आतून बाहेर नेतो. बाहेरून आणली तर हात टेकायला गाल मिळतो, म्हातारपणी बरं पडत असेल. तेवढं परत लाव बघू.’

मी तो भाग पुन्हा लावला. मामांनी चष्मा घातला, खुर्ची पडद्याजवळ ओढली आणि उजव्या हाताची दोन बोटे कुंचला धरल्यासारखी जुळवून हवेत रेघ ओढून पाहू लागले.